जयगडचा कोळसा अहवालात कसा उतरतो

रत्नागिरी तालुक्यात शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडला, जेएसडब्ल्यू एनर्जीचे १२०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. प्रत्येकी ३०० मेगावॅटचे चार संच तेथे बोटीने येणाऱ्या आयात कोळशावर चालतात. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला रनपारला फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना आहे. त्याचाही कच्चा माल समुद्रमार्गे येतो. दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. त्यामुळे जमाखर्चाबरोबर पाणी, धूर, कचरा आणि कामगार यांचाही हिशेब त्यांना दरवर्षी मांडावा लागतो. हा हिशेब म्हणजे शाश्वतता अहवाल.

सेबीने २०१२ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. मे २०२१ मध्ये त्याचा नवा, बराच सविस्तर नमुना आला. त्याचे नाव ‘व्यवसाय दायित्व आणि शाश्वतता अहवाल’, बोलीत ‘बीआरएसआर’. २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना बंधनकारक आहे. सीएसआरशी त्याची नेहमी गल्लत होते. शाळेला संगणक दिले, गावात टाकी बांधली, हा सीएसआर. तो नफ्यातून केलेला खर्च. बीआरएसआर विचारतो की मुळात तो नफा कसा मिळवला.

काम सुरू होते ते मुख्य कार्यालयात नव्हे, कारखान्याच्या फाटकावर. वजनकाट्याच्या पावत्या, विजेची बिले, पाण्याच्या मीटरचे आकडे, डिझेलची नोंदवही, घातक कचरा उचलून नेणाऱ्या गाडीसोबतचा कागद, अपघातांची नोंद आणि हजेरीपट हा अहवालाचा कच्चा माल. वर्षभराच्या या नोंदी प्रत्येक विभागातून गोळा होतात आणि गुणाकार सुरू होतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जनित्राने वर्षात १०,००० लिटर डिझेल खाल्ले, तर खात्यात सुमारे २७ टन लागतात. ग्रिडमधून घेतलेल्या दर युनिटमागे साधारण ०.७ किलो धरतात. हा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करते. फाटकावरचा एक आकडा चुकला, तर पुढचे सगळे गणित सुबक दिसूनही चूकच राहते.

उत्सर्जनाचे तीन गट पाडतात. जयगडच्या बॉयलरमध्ये जळणारा कोळसा वीजकंपनीच्या पहिल्या गटात येतो. तीच वीज विकत घेणाऱ्या कारखान्याच्या हिशेबात तो धूर दुसऱ्या गटात मोडतो. कोळसा आणणाऱ्या बोटीचे इंधन, पुरवठादारांचे उत्सर्जन, विकलेल्या मालाचा पुढचा प्रवास हा तिसरा गट. तो मोजणे सर्वांत कठीण, कारण त्याच्या नोंदी दुसऱ्यांच्या दप्तरात असतात.

माणसांचा हिशेबही तितक्याच बारकाईने मागितला जातो. कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे दाखवावे लागतात, स्त्री-पुरुषांच्या वेतनाचे मध्यक द्यावे लागतात, दहा लाख मनुष्यतासांमागे किती अपघातांत काम थांबले हे सांगावे लागते. मागच्या वर्षीचा आकडा शेजारीच छापायचा असतो. २०२३ पासून ‘बीआरएसआर कोअर’ म्हणून निवडलेल्या माहितीची त्रयस्थ तपासणीही आली. सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून झाली.

वाचताना दोन ठिकाणी थांबायला हवे. उत्सर्जन एकूण टनांतही असते आणि उलाढालीच्या दर रुपयामागेही. मालाचे भाव चढले की उलाढाल वाढते, आणि धूर तेवढाच राहूनही रुपयामागचा आकडा उतरतो. म्हणून एकूण टन आधी पाहावेत. दुसरी अडचण रत्नागिरीकराला अधिक जाचणारी आहे. अहवाल कंपनीचा असतो, गावाचा नसतो. जेएसडब्ल्यू एनर्जीची केंद्रे कर्नाटकात विजयनगरला, राजस्थानात बारमेरला आणि हिमाचलातही आहेत. या सगळ्यांची बेरीज होते तेव्हा जयगडचा वाटा तीत विरघळतो. हापूसच्या मोहराची काळजी असलेल्या बागायतदाराला हवा असतो तो नेमका तेवढाच वाटा.

त्यासाठी इतर कागद आहेत. संमतीपत्र असलेला प्रत्येक कारखाना ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या, याचा अहवालही १ जून आणि १ डिसेंबरला, असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो, आणि तो त्या एकाच प्रकल्पापुरता असतो.