जरा रागवा बघू!

"रागवा बघू जरा," डॉक्टर म्हणतात आणि वहिनींना हसू फुटतं.

खुर्ची मागे कललेली, केस पट्ट्यात अडकवलेले, कपाळ स्पिरिटनं पुसलेलं. अशा अवस्थेत राग यायचा कुठून? "दहावी ब आठवा," मी कोपऱ्यातून सुचवते. वहिनी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवतात. मात्रा लागू पडते. भुवया झर्रकन जवळ येतात, मधे दोन उभ्या आठ्या पडतात आणि नाकाच्या मुळाशी एक आडवी.

"हां, तशाच राहा!" डॉक्टर पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके देतात. दोन्ही भुवयांच्या आतल्या बाजूला दोन-दोन, मधोमध एक.

वहिनींना म्हणे तरुण-बिरुण दिसायचं नाहीये. तक्रार एवढीच, की त्या स्वस्थ बसल्या असल्या तरी मुलं विचारतात, मॅडम, चिडलात का? चाळिशीपर्यंत आठी रागाबरोबर यायची आणि रागाबरोबर जायची. आता राग जातो, आठी मुक्कामाला राहते. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली पैठणी उलगडली तरी घडीची रेघ जात नाही, तसं.

नर्स फ्रिजमधून बाटली आणते. मला ती रिकामीच वाटते. डॉक्टर ती उजेडात धरतात तेव्हा तळाशी पांढुरका पापुद्रा दिसतो. 100 युनिट. त्यातलं खरं विष ग्रॅमच्या काही अब्जांश भागाइतकंच, बाकी अल्ब्युमिन आणि मीठ. विष म्हणजे विषच, बोट्युलिनम. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून माणसाला लुळं करणाऱ्या जंतूचं. अडीच मिली सलाइन घातलं की दर 0.1 मिलीत 4 युनिट येतात. प्रत्येक ठिपक्याला तेवढंच, एकूण 20.

"म्हणजे सुरकुती भरून काढणार?" वहिनी विचारतात.

"ते फिलरचं काम. मी फक्त स्नायूला सुट्टी देते." मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनच्या पुड्या तयार असतात, त्या फुटल्या की स्नायू आकसतो. हे औषध पुड्याच फुटू देत नाही. मेंदूचा हुकूम येतो, पण दारातच अडतो. तीन-चार महिन्यांनी स्नायू पुन्हा हुकूम पाळायला लागतो, आणि तेव्हा परत यायचं. या धंद्याची खरी गोम इथे आहे, असं माझं मत.

केसासारखी बारीक सुई. डॉक्टरांचा डावा अंगठा डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर दाबलेला. औषध खाली झिरपलं तर पापणी काही आठवडे लोंबते. पहिल्या टोचणीला वहिनी खुर्चीचा हात घट्ट धरतात. तिसरीला सोडतात. डासानं चावल्यासारख्या पाच गांधी उठतात, एकीवर रक्ताचा टिपका. कापूस. झालं.

"कपाळावरच्या आडव्याही घालवा ना आजच."

"सगळ्या नाही. भुवया वर धरणारा स्नायू तोच. तो पार झोपवला तर भुवया खाली येतील." चालून आलेलं गिऱ्हाईक परतवणारी ही बाई मला आवडायला लागते.

बर्फ लावता लावता त्या कॅनडातल्या व्हँकुव्हरची गोष्ट सांगतात. 1987 साली तिथल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स आपोआप मिटणाऱ्या पापण्यांवर हेच इंजेक्शन देत होत्या. एका बाईनं कुरकुर केली, या वेळी भुवयांच्या मधे का नाही टोचलं, तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो! जीनबाईंचे यजमान ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. पुढच्या प्रयोगासाठी त्यांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्टच तयार झाली. अमेरिकेत आठ्यांसाठी रीतसर परवानगी 2002 मध्ये मिळाली.

सूचना भराभर येतात. चार तास आडवं व्हायचं नाही. चोळायचं नाही. फरक दोन-तीन दिवसांनी दिसायला लागेल, पुरता दोन आठवड्यांत. तोवर आहे तशाच. आणि आज तासभर भुवया आवळत-सोडत राहायच्या.

"स्कार्फ?"

"सैल बांधा."

खाली येतो तर ॲक्टिव्हाच्या मागे कुणीतरी बुलेट आडवी लावून गेलेलं. वहिनींच्या भुवयांमधे पाचही गांधींसकट दोन उभ्या आठ्या, अगदी ठसठशीत. "कुणाची आहे ही गाडी?" वॉचमन दचकून उठतो.

"वहिनी, अहो, आत्ताच टोचलंय."

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना, आवळत राहा म्हणून."