जर्मन प्राध्यापकाने वारीवर डॉक्युमेंट्री केली होती. आपल्या रीलमध्ये नसलेलं त्यात काय असतं?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीतून माउलींची. एक आकुर्डीला मुक्काम करते, दुसरी दिघीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवसांत पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक मोबाईलवर वारीच असते. ड्रोनमधून दिसणारी गर्दी, फुगडी, मागे एखादा अभंग. तीस सेकंदांत वारी संपते.

पण याच वारीवर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक वेगळी डॉक्युमेंट्री तयार झाली. नाव साधंच, ‘वारी’. करणारे दोघे जर्मन : हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर आणि छायाचित्रकार-चित्रपटकार हेनिंग स्टेगम्युलर.

सोंथायमर कोण होते?

सोंथायमर (१९३४-१९९२) यांचा मूळ अभ्यास हिंदू कायद्याचा. पण महाराष्ट्रात आल्यावर ते धनगरांच्या वाड्यांवर पोहोचले. मराठी शिकले, धनगरी ओव्या टेप केल्या, जेजुरीच्या खंडोबाच्या जत्रा पाहिल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ साली प्रसिद्ध झाला.

त्यांचा मुद्दा सोपा होता. धर्म फक्त पोथीत शोधू नका. तो लोकांच्या चालण्यात, गाण्यात, नवसात आणि मेंढरांच्या वाटांवरही असतो. मग असा धर्म नोंदवायचा तर फक्त पुस्तक पुरणार नाही, कॅमेराही लागणार.

एथ्नोग्राफिक फिल्म म्हणजे काय?

एखाद्या समाजाचं जगणं त्याच्यासोबत राहून, त्याची भाषा समजून घेऊन टिपणारी फिल्म. बातमीला आजचा क्षण हवा असतो, रीलला सुंदर क्षण. या फिल्मला क्षणांमधला संबंध हवा असतो. कोण पुढे चालतं, कोण मागे? स्वयंपाक कोण करतं? विणा कोणाच्या गळ्यात असते?

वारीत या प्रश्नांना ठोस उत्तरं आहेत. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, प्रत्येकीला क्रमांक असतो. रिंगणात धावणारा माउलींचा अश्व सीमाभागातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतो. सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिलं. वरून पाहिली तर गर्दी, आत शिरलं तर व्यवस्था.

मग समजावून सांगायचं की फक्त दाखवायचं?

यावर जगभर वाद झाला आहे. रॉबर्ट गार्डनर यांनी १९८६ साली वाराणसीवर ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ ही फिल्म केली. तिच्यात निवेदन नाही, सबटायटल्सही नाहीत. काहींना ती अप्रतिम वाटली. काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं की माणसं काय बोलतात हेच कळत नसेल, तर प्रेक्षकाला फक्त गूढ दिसतं, समज वाढत नाही.

आपल्याकडे हेच काम लेखणीने आधी झालं होतं. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीतली आपुलकी लिहिली आणि जातीनुसार पडणाऱ्या वेगवेगळ्या पंगतीही. दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ १९६४ साली आलं, तेही स्वतः चालून. दोघांनी भक्तीवर प्रेम केलं, पण खटकलेलं झाकलं नाही.

यात आपला काय संबंध?

आज वारीचा सर्वांत मोठा चित्रसंग्रह कोणत्याही विद्यापीठात नाही, लोकांच्या मोबाईलमध्ये आहे. आणि दृश्य सुंदर दिसावं म्हणून आपण नेमकं काय कापतो, हा खरा प्रश्न आहे.

इंद्रायणीचंच बघा. ही नदी देहू, पिंपरी-चिंचवडच्या कडेने आळंदीला येते. सांडपाणी आणि कारखान्यांचं दूषित पाणी मिसळल्याने आळंदीत तिच्यावर पांढरा फेस तरंगत असल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेने स्नान करतात. फ्रेममधून फेस काढला तर फोटो छान येतो, पण नोंद खोटी होते. उलट फक्त फेस दाखवला आणि हात जोडून उभी असलेली बाई गाळली, तरी नोंद अपुरीच राहते.

म्हणून पुढच्या वारीत कॅमेरा काढाल तेव्हा एवढं करा. जवळून शूट करण्याआधी विचारा. स्नान करणाऱ्या, झोपलेल्या माणसांना सोडा. तारीख, ठिकाण आणि दिंडीचा क्रमांक लिहून ठेवा. अभंगावर दुसरं गाणं चढवण्याआधी मूळ आवाज जपून ठेवा. आणि जमलं तर एखाद्या आजींना विचारा, किती वर्षांपासून येता?

पन्नास वर्षांनी वारी कशी होती हे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर लाइक्स किती होते हे तो विचारणार नाही. त्या आजींचं उत्तर मात्र त्याला हवं असेल.