टायमिंगचा कस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागून सराफा बाजार आहे. शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पेढ्यांवर पाटल्या आणि मंगळसूत्रं घडवून घेतली. इथे गिऱ्हाईक डोळे मिटून काही घेत नाही. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबतं, हॉलमार्क बघतं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरं-अंकांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, त्यामुळे हल्ली तो क्रमांकही मोबाईलवर पडताळून घेतला जातो.

हीच माणसं सुट्या भागांच्या दुकानात गेली की मात्र म्हणतात, “पिकअपचा टायमिंगचा सेट द्या, कुठलाही चालेल.” भाजी, पीठ, सिमेंट वाहणाऱ्या त्या पिकअपवर घरची चूल पेटत असते. इंजिन एकदा उघडून बांधायला घेतलं की हजारो रुपये जातात, आणि त्या सगळ्या खर्चाची राखण टायमिंगचे चार-सहा भाग करतात. म्हणून या भागांबद्दलचे गैरसमज एकदा नीट तपासायला हवेत.

आधी टायमिंग म्हणजे काय ते पाहू. पिस्टन खाली-वर होतात तसा क्रँक फिरतो, आणि कॅम व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हावा लागतो. क्रँक मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २० वेळा उघडतो आणि मिटतो. ही सांगड दातेरी चाकं (गिअर), चेन किंवा बेल्ट यांतलं काहीतरी घालतं. बोलेरो पिकअपच्या २,५२३ सीसीच्या डिझेल इंजिनात दातेरी चाकं असतात. टाटा एसच्या ७०२ सीसीच्या डिझेलमध्ये बेल्ट असतो. गावोगावच्या मोटारींत दिसणाऱ्या १,२४८ सीसीच्या मल्टिजेटमध्ये चेन असते. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडखाली जागा जेमतेमच उरते. सांगड सुटली की उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो, आणि नुकतं बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

गैरसमज १ : चेन आहे, म्हणजे आयुष्यभराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : चेन तुटत नसेल, पण झिजते. “चेन ताणली” असं गॅरेजमध्ये म्हणतात. खरं तर कड्या ताणत नाहीत, कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात. १०० सांधे असलेल्या चेनमध्ये प्रत्येक सांधा केवळ ०.०१ मिलिमीटर झिजला, तरी चेन पूर्ण १ मिलिमीटरने लांबते. मग कॅम क्रँकच्या मागे पडतो आणि गाडीची ओढ कमी होते. पुष्कळ इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. सकाळी पहिल्या स्टार्टला पुढच्या बाजूने क्षणभर खडखड ऐकू आली, तर ती टेन्शनरची किंवा सैल चेनची असू शकते. वेळेवर न बदललेलं काळं, घट्ट तेल ही झीज वाढवतं. इंजिन उघडलेलंच असेल, तर जुनी चेन पुन्हा चढवण्यात बचत नाही.

गैरसमज २ : फक्त चेन नवी टाका, बाकीचं जुनंच चालेल.

वस्तुस्थिती : जुनी चेन झिजताना स्प्रॉकेटचे, म्हणजे तिच्या चाकांचे, दातही आपल्यासारखेच झिजवते. ते एका बाजूला वाकल्यासारखे, आकड्यासारखे होतात. त्यांवर नवी चेन चढवली की तिच्यावरचा भार सगळ्या दातांत सारखा वाटला जात नाही आणि ती लवकर म्हातारी होते. प्लॅस्टिकच्या गाइडवर चेनने खाचा पाडलेल्या असतात, शिवाय उष्णतेने तो ठिसूळ होतो. त्याचा तुकडा सुटला तर तो खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडून जाळीत अडकू शकतो. म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर आणि पुढचं ऑइल सील हा एकच सेट समजावा. बेल्टच्या इंजिनात टेन्शनर आणि आयडलर पुली बेल्टबरोबरच बदलाव्यात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. पुलीचं बेअरिंग अडकलं, तर कालच घातलेला बेल्टही उतरतो.

गैरसमज ३ : बेल्ट दिसायला नवा आहे, गाडी फार चाललीच नाही.

वस्तुस्थिती : बेल्ट किलोमीटरनेही थकतो आणि वर्षांनीही. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात, आणि जी आधी येईल ती पाळायची असते. रबराच्या आत काचतंतूंचे दोर असतात आणि खरा भार तेच पेलतात. ते आतून तुटायला लागले तरी वरून बेल्ट काळाभोर आणि गुळगुळीत दिसू शकतो. इथे ‘दिसतं तसं नसतं’ ही म्हण अक्षरशः खरी ठरते. बेल्ट मुडपून, पिळून किंवा खिळ्याला टांगून ठेवला तर ते दोर मोडू शकतात. त्यावर डिझेल किंवा तेल पडलं तर रबर फुगतं. म्हणून बेल्ट बदलण्याआधी गळकं सील बदलावं.

गैरसमज ४ : आमच्या इंजिनात गिअर आहेत, त्यांना काही होत नाही.

वस्तुस्थिती : तिन्ही प्रकारांत गिअर सगळ्यांत टिकाऊ, हे खरं. तरी दोन दातांमधली फट, ज्याला मिस्त्री बॅकलॅश म्हणतात, ती डायल गेजने मोजून पाहायलाच हवी. फट वाढली की आवाज येतो आणि डिझेल पंपाची वेळ डळमळते. फारच कमी असेल तर गिअर कुंथतात आणि तापतात. एकमेकांत चालणारे गिअर शक्यतो जोडीनेच बदलावेत, कारण नवा आणि झिजलेला दात एकमेकांत नीट बसत नाहीत. मधल्या आयडलर गिअरचं बुश हातात धरून हलवून पाहावं. पुष्कळदा खरा दोष तिथेच असतो.

गैरसमज ५ : लेथवरच्या कामाचा टायमिंगशी काय संबंध?

वस्तुस्थिती : नेमका तोच संबंध सगळ्यांत जास्त विसरला जातो. कॅम हेडमध्ये असेल, तर हेडचं किंवा ब्लॉकचं फेसिंग केल्यावर, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केल्यावर, क्रँक आणि कॅम एकमेकांच्या जवळ येतात. चेन किंवा बेल्टला ढील येते आणि कॅम किंचित मागे पडतो. कॅम ब्लॉकमध्येच असेल, तर हेडच्या फेसिंगने गिअरमधली फट बदलत नाही. मात्र मेन बेअरिंगच्या जागा लाइन बोअर केल्या की क्रँकची जागा सरकते आणि फट बदलते. म्हणूनच लेथचं काम पूर्ण होऊ द्यावं, मिस्त्रीने मापं घ्यावीत, आणि मगच टायमिंगचा सेट विकत घ्यावा.

गैरसमज ६ : जितकी जाड चेन, तितकं मजबूत इंजिन.

वस्तुस्थिती : एकेरी चेनच्या जागी दुहेरी चेन आपोआप चांगली ठरत नाही. तिची रुंदी वेगळी, स्प्रॉकेट वेगळे, आणि पुढच्या कव्हरला ती घासू शकते. गाइड आणि टेन्शनर तर मूळ रुंदीसाठीच बनलेले असतात. इंजिनाची आखणी ज्या चेनवर झाली, त्याच जातीची, त्याच पिचची आणि तितक्याच कड्यांची चेन घ्यावी. बेल्टमध्येही दातांची संख्या, रुंदी आणि दाताचा आकार ही तिन्ही जुळली पाहिजेत. गोल दाताच्या पुलीवर चौकोनी दाताचा बेल्ट जबरदस्तीने बसवला, तर तो चालत्या गाडीत दात सोडतो.

गैरसमज ७ : डब्यावर नाव मोठं, म्हणजे माल अस्सल.

वस्तुस्थिती : डबा छापणं सोपं आहे. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असणं कायद्याने सक्तीचं आहे. यांतलं काही नसेल, तर तिथेच थांबावं. क्यूआर कोड असेल तर तो दुकानातच स्कॅन करावा. भागावर कोरलेला क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक एकच आहे ना ते पाहावं. दुसरी बाजूही लक्षात ठेवा : गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेला प्रत्येक सेट नकली नसतो. पुष्कळ गाडी कंपन्या चेन, बेल्ट आणि बेअरिंग बाहेरच्या कारखान्यांकडूनच घेतात, आणि तेच कारखाने आपल्या नावाने बाजारातही विकतात.

गाडीचं नाव सांगून भाग मागणं हीदेखील चूकच. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा एकाच नावाच्या गाड्यांची इंजिनं बदलली. दुकानात इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक घेऊन जावं.

गैरसमज ८ : खुणा जुळल्या, काम झालं.

वस्तुस्थिती : खुणा जुळणं ही सुरुवात आहे. समजा कॅमच्या चाकाला ४० दात आहेत. एक दात चुकला तर कॅम ९ अंशांनी हुकतो, क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांनी. टेन्शनर सोडल्यावर इंजिन स्टार्टरने फिरवू नये. पान्याने, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि चाकांवरच्या खुणा पुन्हा तपासाव्यात. कुठे अडकलं तर जोर न लावता उघडून पाहावं. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र दोन फेऱ्यांनंतर पुन्हा त्याच जागी दिसत नाहीत. त्या फक्त पहिल्या जुळणीसाठी असतात, एवढं माहीत असलं की उगाच घाबरायला होत नाही. डिझेल पंप त्याच साखळीत असेल तर त्याचीही खूण त्याच वेळी पाहावी.

सराफ कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढतो आणि शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ठेवून कस ताडतो. टायमिंगच्या सेटची कसोटीही अशीच शेजारी-शेजारी ठेवून होते. इंजिनातून निघालेले जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका. पिशवीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवर नव्या भागांशेजारी मांडा. दात मोजा, कड्या मोजा, रुंदी मापा, चावीची खाच आणि भोकांच्या जागा पाहा. दुकानदार घाई करत असला तरी तुम्ही करू नका. सगळं जुळलं की पक्कं बिल घ्या, आणि ते गाडीच्या कागदांत जपून ठेवा.