अकरा ए मिळेल का हो?

१२ जून २०२५ नंतर आमच्या गावातल्या ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात तिकिटाचा भाव विचारायच्या आधी हा प्रश्न येऊ लागला. ‘दादा, अकरा ए मिळेल का हो?’ त्या दिवशी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्यावर मिनिटभरातच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानात २४२ माणसं होती. वाचला फक्त एक जण, आणि तो बसला होता ११ए या सीटवर, संकटकाळी उघडायच्या दाराशेजारी. पाठोपाठ थायलंडमधल्या एका गायकाची बातमी आली. १९९८ साली तिकडे झालेल्या विमान अपघातातून तो वाचला होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तोही ११ए वरच होता. मग काय विचारता! नंबरालाच देवपण आलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात त्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी. एका बॅगेत डिंकाचे लाडू, दुसरीत बाळाची दुपटी, आणि पोटात भीतीचा गोळा. आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची लेक अमेरिकेत, तिचे दिवस भरत आलेले, आणि वहिनींचा एकच हेका, ‘दाराजवळची सीट मिळाली तरच जाईन.’ हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. त्या सीटपायी तिकडे एकट्या पडणाऱ्या लेकीचा विचार करा. म्हणूनच हा प्रश्न नीट सोडवायला हवा, असं मला वाटलं.

आधी ११ए चंच बघू. थायलंडच्या त्या अपघातात १४६ पैकी ४५ जण वाचले होते. म्हणजे बाकीचे ४४ जण दुसऱ्या कुठल्या कुठल्या सीटवरच होते की! त्यांचे नंबर कुणी विचारले नाहीत. शिवाय ११ए ही जागा प्रत्येक विमानात वेगळी. अहमदाबादच्या मोठ्या विमानात ती दाराशी होती, पण छोट्या शहरांकडे जाणाऱ्या पंख्यांच्या एटीआर विमानात तोच नंबर साध्या रांगेत येऊ शकतो. आणि खरी गंमत पुढेच आहे. दाराशेजारची रांग लहान मुलं, गर्भवती आणि हालचालीचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना देतच नाहीत. वेळ आली तर ते जड दार उघडायचं काम तिथे बसणाऱ्याला करावं लागतं, कर्मचाऱ्यांच्या सूचना चटकन कळाव्या लागतात. आमच्या वहिनींचे दोन्ही गुडघे दुखरे. मग सांगा बरं!

बरं, मग मागे बसावं का? यावर अभ्यास झालेले आहेत. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाने २००७ मध्ये १९७१ पासूनचे अपघात तपासले, तेव्हा मागच्या भागातले ६९ टक्के लोक वाचलेले निघाले आणि सर्वांत पुढचे ४९ टक्के. ‘टाइम’ने २०१५ मध्ये हिशोब मांडला, त्यातही मागच्या भागातल्या मधल्या सीटवर मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी, २८ टक्के आलं. ती मधली सीट, जी कुणालाच नको असते! पण ‘टाइम’चा हा हिशोब अवघ्या १७ अपघातांवरचा, आणि तेही १९८५ ते २००० मधल्या. सतरा घरांत चौकशी करून सगळ्या गावाचं सांगण्यातला तो प्रकार.

प्रत्यक्षात प्रत्येक अपघाताची तऱ्हा न्यारी. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियात जेजू एअरचं विमान भिंतीवर आदळलं, १८१ पैकी दोघेच वाचले, दोघेही शेपटीकडे बसलेले कर्मचारी. तर १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला जे विमान पडलं, त्यात वाचलेल्यांपैकी बरेच जण पंखांच्या पुढच्या रांगांमधले होते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवलं तेव्हा पाणी शिरलं ते मागच्या बाजूने. त्यातले १५५ जण सगळेच सुखरूप सुटले ही गोष्ट निराळी. विमान कुठल्या अंगाने आदळणार हे कुणाला आधी ठाऊक असतं?

पण याचा अर्थ सीट निवडताना सुरक्षेचा विचारच करू नये, असा मात्र नाही. आगीच्या अपघातात दाराचं अंतर मोलाचं ठरतं. इंग्लंडात मँचेस्टरला १९८५ मध्ये धावपट्टीवरच विमान पेटलं आणि ५५ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने. नंतर तिथल्या ग्रीनिच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी वाचलेल्यांच्या हकिगती तपासल्या, तेव्हा दारापासून पाच रांगांच्या आत बसलेल्यांना संधी जास्त, असं आढळलं. म्हणून सीट कुठलीही मिळो, बसल्या बसल्या पुढचं दार किती रांगांवर आणि मागचं किती रांगांवर हे मोजून ठेवा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने सीटच्या पाठी मोजता येतात. या मोजणीला पैसा पडत नाही, ट्रॅव्हल एजंटही लागत नाही.

आता जरा आपल्या बायकांच्या सवयींबद्दल बोलते, रागावू नका. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. विमान पेटलं. आतले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, कारण वरच्या कप्प्यातल्या बॅगा घ्यायला कुणी थांबलं नाही. आपल्याला जमेल हे? दागिन्यांचा डबा, औषधं, पासपोर्ट, सुनेसाठी घेतलेली पैठणी, सगळं त्या एका बॅगेत! ते सोडून उठायला पाय निघायचे नाहीत. त्यावर उपाय आपल्या आज्यांचाच. कमरेला बटवा बांधत ना त्या? तसा कापडी बटवा शिवून घ्या, पासपोर्ट, चार पैसे आणि रोजच्या गोळ्या त्यात ठेवा. दागिने शक्यतो नेऊच नका. अंगात सुती पंजाबी ड्रेस बरा. नायलॉनसारखं कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं, आणि सहावारीच्या निऱ्या सावरत घसरगुंडीवरून उतरणं अवघडच. टाचांचे सँडल तर त्या हवेच्या घसरगुंडीला फाडतात, म्हणून काढून टाकायला लावतात. पायात साधे बंद बूट असलेले बरे.

अपघात क्वचित होतात. २०२४ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी ६ लाख उड्डाणं झाली, त्यांपैकी जीवघेणे अपघात ७. विमान हवेत हेलकावे खातं ते मात्र नेहमीचं. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान असंच एकाएकी खाली-वर झालं, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि डझनांनी माणसं जखमी झाली. पट्टा न लावलेली माणसं छताला जाऊन आपटली होती. तेव्हा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर का होईना लावलेलाच असू द्या. हेलकाव्यांनी मळमळत असेल तर पंखांजवळची सीट मागा, तिथे झोके कमी लागतात. शेपटीकडे जास्त.

आणि पंधरा-सोळा तास पाय लोंबकळत बसण्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मूळ धोका लहानच, पण वय, वाढलेलं वजन, आधीचं ऑपरेशन असं काही असेल तर तो आणखी वाढतो. आपल्या बायका मात्र काय करतात? खिडकी पकडतात, शेजारच्या दोन परक्या माणसांना उठवायचा संकोच म्हणून पाणीच पीत नाहीत आणि तासन्‌तास तशाच बसून राहतात. माझ्या मते पन्नाशीपुढच्या बाईने डोळे झाकून रस्त्याकडेची, म्हणजे आयल सीट घ्यावी. दर दीड-दोन तासांनी उठावं, फेरी मारावी, पाणी प्यावं. आमच्या वहिनींनी शेवटी तीच घेतली, टॉयलेटपासून चार रांगांवर. नात झाल्याचा फोन त्यांनीच मला केला.

एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी सुरक्षा म्हणजे बऱ्याचदा शेजारी कोण, हाच प्रश्न. एअर इंडियाने २०१७ मध्ये बायकांसाठी काही सीट राखून ठेवल्या होत्या, तेव्हा त्यावर टीकाही झाली होती. इंडिगोने २०२४ मध्ये बायकांना सीट निवडताना कुठल्या सीटवर बाई आहे हे दिसण्याची सोय केली. शेजाऱ्याचा हात नको तिथे येत असेल तर गप्प बसू नका. डोक्यावरचं बटण दाबा, कर्मचाऱ्याला बोलवा आणि जागा बदलून मागा. लाजायचं त्याने, तुम्ही कशाला?

नातवंडं बरोबर असतील तर एवढं लक्षात ठेवा, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आई-बाबा किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यावी, असं विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. काउंटरवर हे ठणकावून सांगता येतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेतलं तर त्याच्यासाठी वेगळा पट्टा मागून घ्या. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका, धक्का बसला तर आपलाच भार त्याच्यावर पडतो.

राहता राहिला मुंबईच्या विमानतळापर्यंतचा रस्ता. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघरजवळ गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आपण मात्र विमानातल्या सीटसाठी हजार रुपये जादा मोजायला निघतो आणि रात्री दोनला जीपमध्ये मागे आठ जणी दाटीवाटीने बसतो, ड्रायव्हर दिवसभर लग्नाची वऱ्हाडं ओढून आलेला. तेव्हा गाडी ठरवतानाच विचारा, मागे पट्टे आहेत का आणि ड्रायव्हर झोपून उठलेला आहे का. पट्टे गादीखाली दडपलेले असतील तर निघायच्या आदल्या दिवशी ते वर काढून घ्या.