आगमनकाळातील वाचनांचा क्रम

आगमनकाळ आला म्हणजे आपली दृष्टी सहजच बेथलेहेमच्या गोठ्याकडे वळते. परंतु पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख नसतो. प्रभू अखेरीस पुन्हा येणार आहे, म्हणून जागृत राहा, असा इशारा तेथे असतो. या क्रमामागे ख्रिस्तसभेचा हेतू आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली नवा वाचनक्रम लागू झाला. त्यानुसार तीन वर्षांत अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने मुख्यत्वे वाचली जातात. दरवर्षी दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो. प्रभुजन्मापूर्वीचे प्रसंग चौथ्या रविवारी येतात. १७ डिसेंबरपासून रोजची वाचनेही जन्माकडे वळतात. जो न्याय करण्यास येणार तोच बालक होऊन आला, हे न ओळखता सजविलेला गोठा केवळ शोभेचा ठरतो.

लूकच्या वर्षी लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? दोन अंगरखे असलेल्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये, असे तो सांगतो. पश्चात्ताप असा दुकानात व कचेरीत उतरावा लागतो.

इंदूरच्या सुदामा नगरातील एखाद्या मराठी कुटुंबाने मिस्साबली हिंदीतून ऐकला, तरी त्या रविवारची वाचने वसईतल्याप्रमाणेच असतात. म्हणून आम्ही सुचवितो की, शनिवारी सायंकाळी ती घरी मराठीतून वाचावीत, क्षणभर मौन पाळावे आणि प्रत्येकाने स्वतःला विचारावे: प्रभू आज आला, तर माझ्यात काय बदललेले त्याला दिसेल?