डाएट ॲप सात दिवसांपुरतं!

नवं सेमिस्टर सुरू झालं की मोबाइलमध्ये डाएटचं एखादं ॲप येतंच. पहिल्या दिवशी चहातली साखरसुद्धा नोंदवली जाते. महिन्याभरात नोटिफिकेशन्स म्यूट! ओळखीचं वाटतंय ना?

दोष फक्त आळसाचा नाही. मेसच्या भाजीत तेल किती, हे वाढणाऱ्या काकूंनाही सांगता येणार नाही. ॲप मात्र ग्रॅम विचारतं. त्यात एक दिवस राहिला की स्ट्रीक तुटते आणि ‘आता काय उपयोग’ म्हणत आपण सगळंच सोडतो.

मग ॲप उडवायचं? नको, वापरायची पद्धत बदला. फक्त सात दिवस नोंद करा, अंदाजे. ‘दोन पोळ्या, एक वाटी आमटी’ एवढं पुरे. आठवड्याच्या शेवटी कॅलरीजची बेरीज बघू नका, सवयी बघा. नाश्ता कितीदा बुडाला? वडापाव कितीदा झाला? त्यातली एकच गोष्ट निवडा आणि तेवढीच बदला. पुढची नोंद थेट महिन्याभराने.

रोजच्यासाठी सोपं माप हवंय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे : अर्धं ताट भाज्या आणि फळांचं. मेसमध्ये काकडी-गाजर मागून घेता येतं, येताना दोन केळी आणता येतात.

आणि हो, आकडा वाढेल या भीतीने भूक असूनही जेवण टाळत असाल, तर ॲप लगेच बंद करा. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. याबाबतीत थांबू नका.