घरातील मांजर : त्याच्या नख्या आणि त्याची खेळणी

रायपूर शहराच्या तात्यापारा या जुन्या वस्तीत मराठी कुटुंबे दीर्घकाळ राहत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढात पोहोचली, तेव्हापासून या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध जडला. कौलारू छप्पर, मधे अंगण आणि मागे परसू अशी जुन्या घरांची रचना असे. अशा घरात मांजर मुद्दाम पाळावे लागत नसे. ते आपण होऊन राहावयास येई. रायपूर हा भाताचा मुलूख. जेथे धान्याची कोठारे तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे छत्तीसगढीत जिला ‘बिलई’ म्हणतात ती मांजरजात, हा क्रम ठरलेलाच होता. मांजर दिवसा उतरंडीमागे झोपे, रात्री कौलांवर हिंडे आणि परसातील झाडाच्या बुंध्यावर आपल्या नख्या घासून घेई. त्याच्या या उद्योगाकडे लक्ष देण्याचे कोणास कारण पडत नसे.

आता त्याच कुटुंबांतील पुढील पिढ्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील सदनिकांत राहू लागल्या आहेत. तेथे कौले नाहीत, झाड नाही आणि उंदीरही नाही. रस्त्यावरील वाहने, भटकी कुत्री आणि रोगराई यांच्या भयाने मांजरास दाराबाहेर सोडले जात नाही, आणि या दक्षतेमुळे त्याचे आयुष्य वाढते हेही खरे. परंतु बाहेर जे करावयाचे ते सारे मांजर मग घरात करू लागते. नव्या कोचाच्या हातांवरील कापड महिन्याभरात फाटते, पडद्यांचे धागे लोंबू लागतात, मध्यरात्री झोपलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्यावर अकस्मात झडप पडते. प्रथम रागावणे, पुढे मारणे, आणि अखेरीस पोत्यात घालून खारून नदीच्या पलीकडे सोडून येणे, अशी या प्रकरणाची समाप्ती अनेकदा होते. घरात वाढलेले मांजर अशा ठिकाणी फार दिवस तग धरीत नाही. उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण टाकून देणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे, ही गोष्टही पुष्कळांस ठाऊक नसते.

मांजर कोच फाडते ते खोडसाळपणाने नव्हे. त्याच्या प्रत्येक पुढच्या पायास पाच व मागच्या पायास चार, अशा एकूण अठरा नख्या असतात. विश्रांतीच्या वेळी लवचिक बंधांच्या योगाने त्या आत ओढलेल्या राहतात. स्नायू आखडून कंडरा ताणली गेली म्हणजेच त्या बाहेर येतात. चालताना त्या जमिनीस घासत नसल्यामुळे त्यांची धार टिकते. नखीची वाढ मात्र थरांनी होते. बाहेरचा थर जुना झाला की तो टरफलासारखा सुटावा लागतो व त्याखालची तीक्ष्ण नवी नखी मोकळी व्हावी लागते. मागच्या पायांचे हे काम मांजर दातांनी उरकते. पुढच्या पायांसाठी त्यास खरखरीत पृष्ठभाग हवा असतो. ओरखडलेल्या जागेखाली चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले पडलेली दिसतात, ती हीच. मांजराची नखे गळून पडली असे समजून मुले घाबरतात, परंतु तसे काही झालेले नसते.

ओरखडण्याचे आणखी दोन हेतू आहेत. झोपेतून उठल्यावर पुढचे पाय उंच रोवून मांजर पाठीचे व खांद्याचे स्नायू ताणून घेते. दुसरे असे की, त्याच्या पायाच्या बोटांमधे गंधग्रंथी असून ओरखड्याबरोबर त्यांचा गंध त्या जागी राहतो. माणसाच्या नाकास तो कळत नाही, पण मांजराच्या लेखी ती डोळ्यांस व नाकास एकाच वेळी दिसणारी पाटी होय. अचानकमारच्या किंवा उदंती-सीतानदीच्या अरण्यात वाघ झाडाच्या खोडावर नख्यांचे उभे ओरखडे काढतो, त्यातही हाच अर्थ असतो. एवढे ध्यानात आले म्हणजे मांजर दिवाणखान्यातील सर्वांत दर्शनी कोचच का निवडते, याचे कोडे उलगडते. अडगळीतली पाटी वाचणार कोण?

काही पाश्चात्त्य देशांत या उपद्रवावर नख्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली होती. तीत केवळ नखी निघत नाही, तर नखी ज्यातून उगवते ते बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. माणसाच्या बोटाचे अग्र पेरापासून तोडण्यासारखाच हा प्रकार आहे. ब्रिटनमध्ये तो निषिद्ध आहे, आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यानेही २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. तेव्हा हा मार्ग सोडून देणेच योग्य. नख्यांची अणकुचीदार टोके अधूनमधून कापणे मात्र निरुपद्रवी असते. आतील गुलाबी भागास कात्री लागू न देण्याची काळजी तेवढी घ्यावी.

खरा उपाय म्हणजे ओरखडण्यासाठी वेगळा खांब देणे हा होय. तो तीन फुटांहून कमी उंचीचा नसावा, कारण मांजरास त्यावर पूर्ण ताणून उभे राहता आले पाहिजे. बाजारात मिळणारे कित्येक खांब याच कसोटीवर नापास होतात. ते दिसावयास गोजिरवाणे असतात, परंतु त्यांची उंची जेमतेम दीड फूट असते व जोर लावताच ते डगमगतात. एकदा खांब अंगावर कलंडला की मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. म्हणून बूड जड असावे किंवा खांब भिंतीस पक्का बांधावा. अनेक देशांतील मांजरपाळकांकडून मिळवलेल्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही उंच, उभ्या व दोर गुंडाळलेल्या खांबाचा वापर अधिक होतो, आणि त्याचा उपयोग केल्यावर मांजरास कौतुक किंवा खाऊ मिळाला तर तो आणखी वाढतो, असे दिसून आले.

त्यासाठी मोठा खर्च करावा लागतो असे नाही. घायपाताचा दोर सर्वोत्तम. तो खांबाभोवती घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा, म्हणजे सैल फेऱ्यांत नखी अडकत नाही. भातगिरण्यांच्या या शहरात तागाच्या बारदानास तोटा नाही. ते दुहेरी करून लाकडी ओंडक्यावर ताणून बसवले तरी काम भागते. धान्यासाठी कीटकनाशके वापरली जात असल्यामुळे बारदान आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे. काही मांजरांना उभ्यापेक्षा आडवा पृष्ठभाग प्रिय असतो. त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून केलेला पाट पुरतो. मांजराची आवड ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. ते कोचाचा हात ओरखडते की जमिनीवरील सतरंजी, एवढे पाहिले म्हणजे झाले.

खांब कोठे ठेवावा, हे तो कसा असावा याइतकेच महत्त्वाचे आहे. फाडलेल्या कोचाच्या अगदी शेजारी किंवा मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ तो उभा करावा आणि कोचाच्या हातावर काही दिवस गुळगुळीत जाड प्लास्टिक घालावे. मांजर खांबाकडे वळले म्हणजे रोज थोडा थोडा करून तो सोयीच्या जागी सरकवता येतो. त्याचे पाय धरून ते बळाने खांबावर घासण्याची युक्ती अनेक जण करतात. तिच्यामुळे फक्त खांबाविषयी धास्ती उत्पन्न होते.

खेळण्यांचे शास्त्र शिकारीवर आधारलेले आहे. मांजराची शिकार लहान असल्यामुळे त्यास दिवसातून अनेकदा शिकार करावी लागे, आणि दबा धरणे, झडप घालणे, पकडणे, चावणे हा क्रम त्याच्या रक्तातच आहे. पोट भरलेले असले तरी ही प्रेरणा निमत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य भागात, बाहेर मोकळ्या हिंडणाऱ्या मांजरांवर केलेले एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मालकांनी रोज पाच ते दहा मिनिटे खेळवल्यावर त्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण चतुर्थांशाने घटले. खेळ हा शिकारीची जागा काही अंशी तरी घेऊ शकतो, असे यावरून म्हणता येते.

खेळणे विकत घेताना माणसे रंगाकडे पाहतात. मांजरास तांबडा रंग नीट उमगत नाही. त्याची दृष्टी हालचालीस तीक्ष्ण असते, आणि अगदी नाकासमोरची वस्तू तर त्यास अंधुकच दिसते. म्हणून खेळणे त्याच्या तोंडाशी नाचवू नये. ते त्याच्यापासून दूर पळावे, मधेच थबकावे, कोचाआड दडावे. उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाकडे धावत येत नाही. वेताच्या काठीस बांधलेली चिंधी, परातीत सोडलेला टेबल टेनिसचा चेंडू, चुरगाळलेला कागद, भोके पाडून आत खाण्याचे दाणे टाकलेले पुठ्ठ्याचे खोके ही सारी उत्तम खेळणी होत. मांजराच्या कानास सेकंदास सुमारे ८५ हजार कंपनांपर्यंतचे ध्वनी कळतात, माणसाच्या कानाची मर्यादा २० हजारांची. कागदाच्या सळसळीवर मांजर एवढे लुब्ध का होते ते यावरून समजेल.

एकाच खेळण्यास मांजर लवकर विटते. ब्रिटिश संशोधकांच्या प्रयोगांत असे आढळले की, कंटाळलेल्या मांजरापुढे किंचित निराळे खेळणे ठेवताच त्याचा उत्साह परत येतो. यास्तव सर्व खेळणी जमिनीवर पसरून ठेवण्यापेक्षा दोन-तीन बाहेर व बाकीची पेटीत ठेवून आलटून पालटून द्यावीत. प्रकाशाचा ठिपका फेकणाऱ्या लेझरमागे मांजर वेड्यासारखे धावते, पण त्याच्या पंजात कधीच काही सापडत नाही. तो वापरावयाचाच असेल तर डोळ्यांवर पडू देऊ नये, आणि खेळाच्या शेवटी खरी वस्तू पकडू द्यावी.

सर्वांत मोठा धोका मात्र चित्रांतून गोंडस भासणाऱ्या लोकरीच्या गुंड्यात आहे. मांजराच्या जिभेवरील काटे मागे वळलेले असतात. एकदा तोंडात गेलेला दोरा त्यास थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. त्याचे एक टोक जिभेखाली वा जठरात अडकले तर आतडी त्यावर चुणीसारखी गोळा होतात व चिरली जातात. शिवणाचा दोरा, सुई, रबर आणि पतंगाचा मांजा ही सर्व कपाटात बंद असावीत. काठीचे खेळणेदेखील खेळ संपताच उचलून ठेवावे. मांजराच्या तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कदापि ओढू नये. विलंब न करता पशुवैद्य गाठावा.

पावसाळ्यात पडीक जागी उगवणारी खोकली ही वनस्पती अनेकांच्या परिचयाची असेल. तिची मुळे उपटली की मांजरे त्यांच्याभोवती लोळू लागतात. युरोपात कॅटनिप नावाच्या वनस्पतीने हाच परिणाम घडतो, मात्र तो सर्व मांजरांवर होत नाही. ती संवेदना आनुवंशिक असते. खोकलीचे मूळ फडक्यात बांधून क्षणभर हुंगावयास देण्यास हरकत नाही, पण ती खाऊ देऊ नये, कारण तिच्यात विषारी द्रव्येही असतात.

रायपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास असतो. त्या वेळी मांजरास खेळावयास उठवणे व्यर्थ होय. ते कूलरसमोरील गार फरशीवर पसरलेले असते. पहाट आणि दिवेलागण या त्याच्या जागृतीच्या वेळा. रात्रीच्या जेवणापूर्वी दहा मिनिटे काठी-चिंधीचा खेळ खेळवून, शेवटी चिंधी पकडू देऊन लगेच खाणे दिले, तर शिकार, भोजन, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम पुरा होतो, आणि मध्यरात्री माणसाच्या अंगठ्यावर झडप घालण्याचे त्यास फारसे कारण उरत नाही.